बाटली कितीही हलवली तरी रंग पाणचटच येतो: मिनिएचरचे रंग स्वस्तात नीट ढवळायचे कसे

मिनिएचर, म्हणजे छोट्या मूर्ती, रंगवायला बसायचं, पांढऱ्या रंगाची बाटली चांगली मिनिटभर हलवायची, पॅलेटवर थेंब पाडायचा, आणि निघतो काय, तर कडेने पाणी सुटलेला दुधाळ थेंब. दोन हात मारले तरी खालचा काळा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) दिसतच राहतो. मॅट म्हणून घेतलेला तपकिरी वाळल्यावर तेलकट चमकतो. सोनेरी बाटलीतून आधी पिवळट पाणी येतं आणि बाटली संपत आली की नुसती घट्ट चमकी उरते. एकदा ठीक केलं तरी दोन आठवड्यांनी पुन्हा तीच तऱ्हा.

या सगळ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. बाटलीच्या तळाशी साका घट्ट बसलेला असतो आणि आपण हलवत असतो ती फक्त वरची निवळ. म्हणून यावर पहिला खर्च यंत्रावर करू नका. आधी तळाचा साका मोडायचा, मग बाटलीत स्टेनलेस स्टीलचे छर्रे टाकायचे, आणि एवढं करूनही मनगट भरून येत असेल तरच यंत्राकडे वळायचं. घरात तीस-चाळीस बाटल्या असतील तर पहिल्या दोन पायऱ्यांतच काम भागतं, आणि खर्च काही शे रुपयांच्या वर जात नाही.

साका का बसतो, आणि हलवून का सुटत नाही

ॲक्रिलिक रंग म्हणजे पाणी, त्यात रंग धरून ठेवणारा ॲक्रिलिकचा बाइंडर, आणि त्यात तरंगणारी रंगद्रव्याची पूड. बाइंडर पाण्यापेक्षा जेमतेम जड, घनता १.१ च्या आसपास. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड मात्र ४.२ घनतेचं, म्हणजे पाण्याच्या चौपटीहून जड. ते खाली जाणारच. त्यात कण जितका मोठा तितका तो भराभर बसतो: आकार दुप्पट झाला तर वेग चौपट होतो. धातूच्या रंगांतली अभ्रकाची किंवा ॲल्युमिनियमची चमकी साध्या रंगद्रव्यापेक्षा कितीतरी मोठी असते, म्हणून सोनेरी-रुपेरी बाटल्यांत साका सगळ्यात आधी बसतो. मॅट रंगांत चमक घालवण्यासाठी बारीक सिलिका घातलेली असते. तीही तळाला जाते, आणि मग वरचा रंग वाळल्यावर चकाकतो. मॅट रंग चमकतोय म्हणजे रंग बनावट आहे असं नाही, त्याची सिलिका अजून बाटलीच्या तळाशी आहे.

उन्हाळ्यात हे आणखी लवकर होतं, कारण गरम रंग पातळ होतो आणि पातळ रंगात कण जलद खाली जातात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खिडकीजवळच्या मांडणीवर ठेवलेल्या बाटल्या या बाबतीत फार भोगतात.

आता हलवण्याचं. १७-१८ मिलीची ड्रॉपर बाटली नवी असताना जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेली असते. आत हवेला जागाच नसते, त्यामुळे बाटली हलते तेव्हा आतला सगळा रंग एका गोळ्यासारखा तिच्याबरोबर हलतो आणि तळावर जोर बसत नाही. अर्धी संपलेली बाटली हलवल्यावर पटकन मिसळते आणि नवी कोरी मिसळत नाही, ते यामुळेच. साका महिनोन् महिने दाबला गेला की तो तळाला चिकटून बसतो, तिथे कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन खरवडल्याशिवाय तो सुटत नाही.

आधी खात्री करून घ्या

नोझल काढा आणि एक बारीक काडी तळापर्यंत नेऊन कडेकडेने फिरवा. बाहेर काढल्यावर टोकाला लोण्याइतका घट्ट रंग लागला असेल तर साका आहे. काडी वरपासून खालपर्यंत एकसारखी माखली असेल तर रंग मिसळलेला आहे आणि दोष दुसरीकडे शोधा: रंगात पाणी जास्त पडलंय, ब्रश पुसलेला नाही, किंवा रंगच मुळात पारदर्शक जातीचा आहे. पिवळे आणि काही लाल रंग पूर्ण मिसळूनही एका हातात झाकत नाहीत. त्यांच्याखाली आधी गुलाबी किंवा फिकट तपकिरी हात द्यावा लागतो. कितीही ढवळलं तरी त्यात फरक पडणार नाही.

काडीला रबरासारखे तुकडे चिकटले, किंवा रंगाला नासल्याचा आंबूस वास येत असेल, तर ती गोष्ट वेगळी. त्याचं शेवटी पाहू.

साका मोडायची रीत

टूथपिक सगळ्यांच्या हाताशी असते, पण ती आखूड पडते, भिजून तिचे तंतू सुटतात आणि तेच पुढे नोझलमध्ये अडकतात. बांबूची जाड काडी त्यापेक्षा बरी. विणकामाची दोन मिलिमीटरची सुई आणखी चांगली. पण या कामाला सगळ्यात चपखल वस्तू सायकलच्या दुकानात मिळते: चाकाचा स्टेनलेसचा आरा (स्पोक). त्याचं एक टोक मुळातच काटकोनात वळवलेलं आणि बोंडाचं असतं, ते बाटलीच्या तळाच्या कोपऱ्यात बरोबर शिरतं. दुसरीकडून हवा तेवढा कापून घ्या आणि कापलेलं टोक कानशीने गोल करा, नाहीतर बोटाला लागेल.

नोझल काढताना बाटलीच्या पोटावर दाब देऊ नका, रंग उसळून बाहेर येतो. बाटली गळ्याशी धरायची, नोझल टेबलाच्या कडेवर टेकवून अंगठ्याने बाजूला रेटायचं. फारच घट्ट असेल तर गळा अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा, प्लास्टिक सैल पडतं. पक्कड वापरायचीच तर मध्ये फडकं घ्या.

मग आऱ्याचं बोंड तळाला टेकवून कडेने गोल फिरवा, मधून एक-दोनदा तळ ओलांडून आरपार. घाई नको, मिनिटभर. आरा वर घेताना खालचा घट्ट रंग वरच्या पातळात सोडत यायचा. आऱ्याला लागलेला रंग बाटलीच्या तोंडाच्या आतल्या कडेला पुसून परत आत सोडा. रंगद्रव्याचा खरा वाटा तोच असतो, तो टिश्यूला पुसून टाकला तर राहिलेली बाटली कायमची पाणचट होते.

साका दगड झाला असेल तर बाटली झाकण लावून हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात दहा मिनिटं उभी ठेवा आणि मग ढवळा. उकळतं पाणी नको.

छर्रे: कोणते, किती, कसे

साका एकदा मोडला की तो परत घट्ट होऊ न देण्याचं काम छर्ऱ्यांचं. बाटली हलवली की ते तळावर आपटतात आणि बसू पाहणारा रंग उडवून लावतात. काम अगदी साधं, पण छर्रे चुकीचे घेतले तर आख्खी बाटली वाया जाते, आणि चुकीचे छर्रेच सगळ्यात सहज मिळतात.

सायकलच्या हबमधले पाव इंची छर्रे स्वस्त असतात, आकारही जवळपास हवा तसाच, ६.३५ मिमी. पण ते कार्बन किंवा क्रोम स्टीलचे असतात. तेलात ठेवलेले असताना चकाकतात, पाण्याच्या रंगात पडले की काही महिन्यांत गंजतात. काळ्या किंवा तपकिरी बाटलीत ते कळतही नाही, पांढऱ्या आणि पिवळ्यात मात्र तांबूस झाक येते आणि ती परत काढता येत नाही. आरा दुकानातून घ्या, छर्रे तिथून घेऊ नका.

पितळ आणि तांबं नको, कारण ॲक्रिलिक रंग किंचित अल्कधर्मी असतात, त्यात बहुधा अमोनियाचा अंशही असतो, आणि तांब्याशी त्याचा संबंध आला की हिरवट-निळी झाक सुटू शकते. ॲल्युमिनियमही अल्कधर्मी द्रवात खातं. शिशाचे छर्रे जड असतात म्हणून मोह होतो, पण शिसं विषारी आहे आणि बरेच जण ब्रशचं टोक ओठांनी सावरतात, त्यामुळे ते घरातच आणू नका. मण्यांच्या दुकानातले रंगीत काचमणी भोकाचे असतात, भोकात रंग वाळतो आणि वरचा मुलामा सुटतो.

हवेत ते ३१६ किंवा ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचे छर्रे, ५ किंवा ६ मिमीचे. ३१६ जास्त टिकाऊ, आणि शंभरच्या पाकिटात दोन्हींच्या किमतीत फारसा फरक वाटू नये. ६ मिमीच्या एका छर्ऱ्याचं वजन सुमारे ०.९ ग्रॅम भरतं, तेवढ्याच आकाराच्या काचेच्या गोळीचं ०.२८ ग्रॅम. म्हणून बिनभोकाच्या काचेच्या गोळ्या गंजत नसल्या तरी जड पांढऱ्यात आणि धातूच्या रंगांत त्या कमी पडतात. शेड, वॉश आणि शाईसारख्या पातळ रंगांना त्या चालतात.

पाकिटावर ३१६ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, तपासा. फ्रिजवरचं चुंबक लावा. ३१६ जवळजवळ चिकटत नाही, ३०४ जरासा ओढला जाईल. टपकन चिकटला तर तो एकतर क्रोम स्टीलचा आहे किंवा चुंबकाला लागणाऱ्या दुसऱ्या जातीच्या स्टेनलेसचा, आणि त्यातला फरक डोळ्यांनी कळत नाही. मग दुसरी परीक्षा: अर्धा कप पाण्यात चमचाभर मीठ विरघळवून त्यात टिश्यू भिजवा, छर्रे त्यावर ठेवून रात्रभर तसेच राहू द्या. सकाळी कागदावर तांबूस ठिपका दिसला की ते पाकीट परत करा.

छर्रे अजिबात मिळत नसतील तर हार्डवेअरच्या दुकानात एस.एस. ३०४ चे एम-३ नट मागा. बाटलीमागे तीन पुरतात. त्यांचे कोपरे साका चांगला फोडतात, पण आट्यांत रंग अडकतो, त्यामुळे नंतर स्वच्छ करायला कंटाळवाणे.

टाकण्याआधी छर्रे भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात दोनदा धुवून पूर्ण वाळवा. कारखान्यातल्या तेलाचा अंश राहिला तर रंग मिनिएचरवर फाटतो, मध्ये गोल गोल उघडे डाग पडतात, आणि दोष प्रायमरला दिला जातो.

१७-१८ मिलीच्या बाटलीला ६ मिमीचे दोन. धातूच्या रंगांना आणि पांढऱ्याला तीन. दोन छर्ऱ्यांनी बाटलीतली जागा जाते ती चार-पाच थेंबांएवढी, तेव्हा गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीतून तेवढे थेंब आधी काढून वापरून टाका. ८ मिमीचे छर्रे काही बाटल्यांच्या गळ्यातच अडतात, आणि ३ मिमीचे नोझलच्या बुडात शिरून तोंड बंद करतात. द आर्मी पेंटर या कंपनीच्या स्पीडपेंट आणि फनॅटिक मालिकेतल्या बाटल्यांत छर्रे आधीच घातलेले येतात, त्यांत पुन्हा टाकायची गरज नाही. बाटली हलवून आवाज ऐका म्हणजे कळेल.

तो आवाज पुढेही कामाला येतो. छर्रे खळखळ वाजताहेत म्हणजे तळ मोकळा आहे. आवाज येत नसेल तर छर्रेच साक्यात रुतलेत. अशी बाटली कितीही हलवली तरी उपयोग नाही, बाटली उलटी करून तळहातावर जोरात ठोका, तरीही वाजले नाहीत तर परत आरा.

हाताने हलवायची योग्य पद्धत

रंगवायला बसण्याच्या पाच मिनिटं आधी लागणाऱ्या बाटल्या काढून उलट्या ठेवा. मग प्रत्येक बाटली उलटीच धरून तळावर तळहाताने आठ-दहा वेळा ठोका. त्यानंतर दोन्ही तळव्यांमध्ये तिरकी धरून रवी फिरवतात तशी पुढे-मागे फिरवा, अर्धा मिनिट. शेवटी वीस-तीस जोरदार हिसके. फिरवण्याने फेस कमी होतो आणि छर्रे कडेकडेने घासत जातात. हिसक्यांनी वरचं-खालचं एक होतं. नुसते हिसकेच दिले तर फेस आणि निवळ दोन्ही पदरात पडतात.

पहिले दोन थेंब टिश्यूवर पाडा. नोझलमध्ये मागच्या वेळचा निवळलेला रंग राहिलेला असतो, हलवण्याचा परिणाम तिथपर्यंत पोचत नाही. बाटली पूर्ण मिसळलेली असूनही पहिला थेंब पाण्यासारखा येतो तो याच कारणाने.

उघड्या तोंडाच्या डब्या

सिटाडेल या ब्रँडच्या डब्या किंवा फेविक्रिलच्या १५ मिलीच्या बाटल्या यांचं तोंड मोठं, त्यामुळे इथे हलवण्यापेक्षा ढवळणं केव्हाही बरं. हलवल्यावर रंग झाकणाला आणि कडेला लागतो, तिथे वाळतो, आणि पुढच्या वेळी त्याच्या खपल्या आत पडतात. एकदा वाळलेलं ॲक्रिलिक पाण्यात परत विरघळत नाही, त्यामुळे ती खपली कायमची. रोज झाकणाची कडा ओल्या फडक्याने पुसण्याची सवय लावा, डबीचं आयुष्य खरोखर वाढतं.

इथे कॉफी फेटायचा सेलवरचा छोटा फेटक फार उपयोगी. दोन-तीनशे रुपयांच्या आत मिळतो. पण आहे तसा वापरू नका. टोकाची वेटोळी स्प्रिंग हवा ओढून फेस करण्यासाठीच बनवलेली आहे, आणि रंगात फेसच नको असतो. पकडीने स्प्रिंग कापून टाका आणि उरलेल्या तारेचं टोक ४-५ मिमी काटकोनात वळवा. वेगही जास्त असतो. दोन सेलच्या फेटकात एका सेलच्या जागी त्याच मापाचा लाकडी तुकडा ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून बसवला की वेग साधारण निम्म्यावर येतो आणि रंग ढवळायला तो पुरेसा असतो.

तार आधी तळापर्यंत बुडवायची आणि मगच बटण दाबायचं. बंद झाल्यावरच बाहेर काढायची. हा क्रम उलटा झाला तर भिंतीपर्यंत रंग उडतो. दहा-पंधरा सेकंद, टोक तळाजवळ ठेवून. रंगाच्या मध्यभागी खळगा पडून हवा आत ओढली जाताना दिसली तर लगेच थांबा. नंतर पाण्याच्या पेल्यात पाच सेकंद चालवून तार पुसून घ्या.

तामियाचे आणि मिस्टर कलरचे रंग काचेच्या छोट्या बरण्यांत येतात. त्यात स्टीलचे छर्रे टाकून जोरात हलवू नका, काच तडकू शकते. आऱ्याने ढवळा. शिवाय या रंगांत अल्कोहोल किंवा थिनर असतं, ते पेट घेतं, आणि छोट्या मोटरच्या आत ठिणग्या पडत असतात. उघड्या बरणीवर फेटक धरायचा नाही.

यंत्र घ्यायचंच असेल तर

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) रोज चालतो, एका बैठकीत पंधरा-वीस बाटल्या लागतात, किंवा मनगट दुखतं, तर यंत्र रास्त आहे. तिथेही साका आधी हाताने मोडावा लागतो आणि छर्रे लागतातच. नव्या भरलेल्या बाटलीत छर्ऱ्याशिवाय महागडं यंत्रसुद्धा तळ हलवू शकत नाही, कारण भोवरा तयार व्हायला आत जागा नसते.

नेलपॉलिश हलवायचं यंत्र सौंदर्यप्रसाधनांच्या घाऊक दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. त्यात ड्रॉपर बाटली पट्ट्याने आवळून बसते, सिटाडेलची डबी बसत नाही. घेताना खाली लिहिलेला व्होल्टेज वाचा: ११० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० व्होल्टवर लावलं की जळतं. आवळल्यावर बाटली बोटाने हलता कामा नये. सैल असेल तर सायकल ट्यूबची पट्टी मध्ये गुंडाळा. एका बाटलीला एक ते दोन मिनिटं, आणि चार-पाच बाटल्यांनंतर मोटर गार होऊ द्या. झाकण घट्ट आहे ना हे दरवेळी बघायचं. पहिली दोनदा बाटली छोट्या झिप पिशवीत घालून चालवा, गळत असेल तर पिशवीत कळेल.

व्होर्टेक्स मिक्सर हे त्याहून सरस. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेस्ट ट्यूब ढवळायला असतं ते. आपल्याकडे लॅबवाले त्याला रेमीच्या यंत्रावरून सायक्लो मिक्सर म्हणतात. वर रबरी वाटी, बाटलीचा तळ तिच्यात दाबून धरला की छर्रे गोल फिरत तळ घासून काढतात. जुन्या रंगाला दहा-पंधरा सेकंद, नव्या बाटलीला मिनिटभर. वेग बदलता येणारंच घ्या, आणि हळू सुरू करून वाढवत न्या. बाटली किंचित तिरकी धरली की छर्ऱ्यांचा आवाज एकदम खुलतो, तो कोन लक्षात ठेवा. नवीन घेतलं तर काही हजार जातात, लॅब बंद होताना जुनं मिळालं तर निम्म्यात. जुनं घेतलंत तर त्यावर रक्ताचे नमुने हाताळलेले असतात हे विसरू नका: हातमोजे घालून, प्लग काढून, घरगुती ब्लीच पाण्यात एकास नऊ मिसळून वाटी आणि बाहेरचा भाग पुसा, दहा मिनिटांनी साध्या पाण्याच्या फडक्याने पुन्हा पुसा. रबरी वाटीला भेगा असतील तर ती बदलूनच टाका.

जिगसॉच्या (वर-खाली चालणाऱ्या विजेच्या करवतीच्या) पात्याला बाटली बांधून हलवायची युक्तीही लोक करतात. मिसळतं जोरात, पण बाटली सुटली तर गोळीसारखी जाते, म्हणून निव्वळ यासाठी जिगसॉ घेऊ नये. १२ व्होल्टची मोटर, ॲडॉप्टर, वेगनियंत्रक आणून घरी यंत्र बनवण्यात मजा आहे, बचत फारशी नाही. सगळे भाग जोडता जोडता नेलपॉलिशच्या यंत्राची किंमत गाठली जाते. दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक यंत्र या कामाचं नाही. रंग गरम होतो आणि साका जागेवरच राहतो.

हलवल्यानंतरचे नवे त्रास

बुडबुडे: ब्रशने रंगवताना त्यांचा फारसा अडथळा नसतो, एअरब्रशमध्ये मात्र रंग थुंकला जातो आणि वार्निशवर बारीक छिद्रं राहतात. यंत्रातून काढल्यावर बाटली पाच-दहा मिनिटं उभी ठेवा. फ्लो इम्प्रूव्हर (रंग सहज वाहावा म्हणून घालायचा द्रव) फेस वाढवतो, म्हणून तो बाटलीत न घालता पॅलेटवर किंवा कपात, शेवटी घाला. मॅट वार्निश जोरातच मिसळावं लागतं, त्यातली सिलिका तळाला राहिली आणि शेवटच्या थेंबांत एकदम आली तर काळ्या रंगावर पांढरी भुरकट झाक बसते. ग्लॉस (चमकदार) वार्निशमध्ये सिलिका नसते, ते नुसतं उलटं-सुलटं करा.

बाटली उलटी केल्यावर एकदम धार तुटली तर छर्रा नोझलच्या बुडाशी बसलाय. बाटली दाबत राहू नका, नोझलच निघून येईल. सरळ करा, टेबलावर टकटक ठोका, आणि या वेळी तिरकी धरून थेंब काढा. नोझल वाळलेल्या रंगाने बंद असेल तर टाचणी बाहेरून आत खुपसू नका, बूच आत पडून पुन्हा पुन्हा तिथेच येतं. नोझल काढा, कोमट पाण्यात भिजवा आणि आतून बाहेर ढकला.

रंग मिसळूनही घट्ट असेल तर पाणी उडालंय. डिस्टिल्ड वॉटर पाच थेंब घाला, हलवा, बघा. १७ मिलीच्या बाटलीला वीस थेंबांपर्यंत ठीक, त्यापुढे लागलं तर त्याच कंपनीचं मीडियम (रंगद्रव्याशिवायचा बाइंडर) घाला, नाहीतर बाइंडर विरळ होऊन रंग बोटाने पुसला जाईल. बोअरचं जड पाणी बाटलीत नको.

दोन रंग मिळवून ठेवायचे असतील तर

दिवाळीच्या किल्ल्यावरच्या पन्नास मावळ्यांचे फेटे एकाच रंगाचे हवे असतील तर पॅलेटवर दरवेळी मिसळून छटा जुळत नाही. रिकामी ड्रॉपर बाटली घ्या, आधी दोन छर्रे टाका, मग रंग. थेंब मोजण्यापेक्षा ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर वजन करा, कारण घट्ट रंगाचा थेंब मोठा पडतो आणि पातळाचा लहान. दोन्ही मूळ बाटल्या पूर्ण ढवळलेल्या असल्याशिवाय वजन करू नका. निवळीचं वजन करून बनवलेली छटा पुन्हा कधीच जमणार नाही. प्रमाण बाटलीवरच लिहा. आणि तामियासारखे अल्कोहोलचे रंग व्हॅलेहोसारख्या पाण्याच्या रंगांत मिसळू नका, बाटलीत रबरी गुठळ्या होतात.

ठेवायचं कसं, आणि सोडून कधी द्यायचं

बाटल्या कायम उलट्या ठेवल्या तर साका नोझलमध्ये बसतो आणि दुसराच ताप सुरू होतो. आडव्या ठेवा, आणि महिन्यातून एकदा अर्धा वळसा द्या. उन्हापासून लांब, बंद ड्रॉवरमध्ये. कॅनडा किंवा अमेरिकेतल्या थंड राज्यांत राहणाऱ्यांनी गॅरेजमध्ये ठेवू नयेत. ॲक्रिलिक गोठून वितळलं की बाइंडरच्या गुठळ्या होतात आणि त्या कोणत्याही यंत्राने मोडत नाहीत.

रबरी तुकडे थोडे असतील तर रंग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्या. सगळाच रंग गुठळ्यांचा झाला असेल किंवा नासका वास येत असेल तर वाचवण्यात वेळ घालवू नका. सिंकमध्ये ओतू नका, रद्दी कागदावर पसरून वाळवा आणि कचऱ्यात टाका. छर्रे मात्र काढून घ्या. चुंबकाने ते येणार नाहीत, चांगले असल्याची तीच खूण. जुन्या चहाच्या गाळणीत ओतून धुवा, वाळलेला पापुद्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तासभर भिजवून नखाने सोला, आणि पुन्हा साबणाने धुवून पुढच्या बाटलीत टाका.